सकाळी वाघ, दुपारी मोह

पहाटे तीनला नागपूर सोडायचं. उमरेड, भिवापूर, नागभीड करत उजाडायच्या आत ताडोबाच्या बफरमधलं एखादं गेट गाठायचं. उघड्या जिप्सीतून तीन-चार तास जंगल. मग सिंदेवाहीत चुलीवरचं जेवण, घटकाभर आराम, आणि दुपारी मोहाच्या वाईनचा कार्यक्रम: फुलं कशी वेचतात, कशी वाळवतात, कशी आंबवतात ते दाखवून प्रत्येकाच्या हाती चार लहान पेले. दिवेलागणीला परतीची वाट. कागदावर खाली माणशी दर ठळक अक्षरांत आणि वर सहलीचं नाव: ‘सकाळी वाघ, दुपारी मोह’.

बेत आखणारा नाशकात सहली नेणाऱ्या एका कंपनीत कामाला आहे. आमच्या शेजारच्या आत्यांचा तो भाचा. आत्या तशा अख्ख्या गल्लीच्याच आत्या, पण सख्खा भाचा हा एकटा. त्यांनी कागद चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून विळ्याखाली दाबून ठेवला. मार्चअखेरचे दिवस, अंगणात पोत्यांवर मोहफुलं वाळत घातलेली. ओसरीवर मग जे बोलणं झालं ते इथं देतो. मी इथल्या, सिंदेवाहीतल्या भात संशोधन केंद्रात नोकरी केलेला माणूस. धानाचं विचाराल ते सांगेन. वाघ आणि वाईन या दोन्हींबाबत माझा अधिकार बेताचा. म्हणून मधे फारसं बोललो नाही.

भाचा: आत्या, एकदम ‘नाही’ म्हणू नकोस. नाशिकचंच बघ. आधी नाशिक म्हणजे काळाराम, कुंभमेळा आणि खायची द्राक्षं. २००० च्या सुमारास सुलाची वाईन बाजारात आली, २००१ मध्ये सरकारनं द्राक्षांवरच्या प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळालं. आता मुंबईचा माणूस सकाळी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघतो आणि दुपारी गंगापूर धरणाच्या बाजूला पेला घेऊन बसतो. तुमच्याकडे पक्ष्यांच्या जागी वाघ आहे आणि द्राक्षाच्या जागी मोह. नाशिकला जे जमलं ते इथं का जमू नये?

आत्या: पक्षी पाहाले गेलेल्या मानसाले बगळ्यानं कधी ओढत नेलं का गा?

भाचा: अगं, जिप्सीत बसलेल्याला वाघ काही करत नाही. सोबत गाईड असतो, ड्रायव्हर असतो, खाली उतरायची मनाई असते.

आत्या: तेच तर. जिप्सीत बसलेल्याले काही करत नाई.

हे त्याला लगेच लागलं नाही. नाशकात वाढलेल्याला लागायचंही नाही. आमच्या तालुक्याचा एक तुकडा ताडोबाच्या बफरमध्ये आहे आणि बाकीचं जंगल ब्रह्मपुरी वनविभागात. ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, सव्वाशे चौरस किलोमीटरच्याही आतलं. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं, पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प, आणि २०१० मध्ये भोवतालचं अकराशे चौरस किलोमीटर जंगल आणि गावं बफर म्हणून जोडली गेली. ब्रह्मपुरीच्या बहुतेक जंगलाला मात्र अभयारण्याचा दर्जा नाही. ते साधं जंगल: साग, बांबू, मधेमधे बांध्या, तळी, गावं. वाघ तिथंही आहेत, भरपूर आहेत. पहारा कमी, पर्यटक त्याहून कमी, आणि सरपणाला, मोहाला, तेंदूला जाणारी माणसं सगळ्यांत जास्त.

आत्या: ज्या गावाले गेट भेटलं त्या गावाले जिप्सी भेटली. बाकीच्याइले नुसता वाघ भेटला.

भाचा: मग मी तेच म्हणतोय ना! गेट वाढवा, गाड्या वाढवा. बफरमध्ये बायका गाईड झाल्यात, तूच मला सांगितलंस.

आत्या: झाल्या, आन चांगलं करून रायल्या पोरी. खाकी घालून इंग्रजीत सांगतात पाहुन्याले, हा कोनता पक्षी आन तो कोनता. त्याले मी नाव नाई ठेवत. पन एका गेटावर किती पोरी लागतात? आन गावात बायका किती?

भाचा: सुरुवात तर होते. बरं, तुला धोक्याचंच वाटत असेल तर वाघ नागपुरातच उरकू. गोरेवाड्याला नेऊ लोकांना. कुंपणाच्या आत बस शिरते, वाघ, बिबट, अस्वल सगळं बसमधूनच दिसतं. वाघ दिसेल की नाही ही धाकधूक नाही, परत पैसे मागणारं गिऱ्हाईक नाही. मग तिथून इकडे, फक्त मोहासाठी.

गोरेवाड्याचं प्राणी उद्यान २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. त्याच्या आधीपासून, २०१५ पासून, तिथं वन्यप्राण्यांचं बचाव केंद्र आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत पकडलेल्या वाघांची रवानगी बहुधा तिकडेच होते. २०२२ च्या ऑक्टोबरात वडसा भागात पकडलेला, तेरा माणसं मारल्याचा ठपका असलेला वाघही तिथंच नेला. सफारीतले प्राणी वेगळे आणि बचाव केंद्रातले वेगळे, हे मी सांगितलं. आत्यांना तो फरक फार महत्त्वाचा वाटला नाही.

आत्या: म्हनजे आमचाच वाघ, आमच्याच मानसाले मारलेला, नागपूरले नेऊन ठेवाचा. मंग नागपूरच्या मानसानं तिकीट काढून दुसरा वाघ पाहाचा, आन जेवाले, प्याले आमच्याकडे याचं. बरा धंदा हाय!

भाचा: तू प्रत्येक गोष्टीला कडू चव का देतेस?

आत्या: मोह कडूच असते बापू, जास्त वाळला की. बरं मले सांग, तुझी जिप्सी किती वाजता सुटते?

भाचा: उन्हाळ्यात पहाटे साडेपाचच्या आसपास.

आत्या: आन मोह किती वाजता पडते?

हे उत्तर त्याला येत नव्हतं. आमच्याकडच्या कुठल्याही पोराला येतं. मोह रात्री उशिरा गळायला लागतो आणि उजाडेपर्यंत झाडाखाली सडा पडतो. फूल रसानं टच्च, फिकट पिवळं, आतून पोकळ, वास असा की रानातून येताना झाड दिसायच्या आधी कळतं. ऊन चढलं की फूल मऊ पडतं, मुंग्या लागतात, गुरं आणि चितळं येऊन साफ करतात. अस्वलाला तर मोहाइतकं दुसरं काही आवडत नाही. म्हणून बाई अंधारात निघते. टोपलं घेऊन झाडाखाली वाकते आणि एकेक फूल वेचते. फुलं नीट दिसावीत म्हणून खालचा पालापाचोळा आधीच जाळलेला असतो. जंगलातल्या कितीतरी वणव्यांचं मूळ तिथं असतं, तेही खरं. पण वेचायचं काम घाईत होत नाही आणि उभ्यानं होत नाही. वाकलेलं, खाली बघणारं, तासन् तास एकाच झाडाभोवती फिरणारं माणूस मागून बघणाऱ्या वाघाला माणूस वाटत नसावं, असं वनखात्याचे लोकही म्हणतात. आणि चितळं मोहाला येतात म्हटल्यावर वाघ त्या झाडापासून फार लांब नसतोच.

आत्या: तुझी जिप्सी ज्या टायमाले गेटातून आत जाते त्याच टायमाले आमी पायानं आत जातो. तुमी वाघ दिसावा म्हनून, आमी दिसू नये म्हनून. परवाच्या सालची गोष्ट नोको काढू म्हनतात, पन काढतो. मेंढा माल.

२०२५ च्या मे महिन्यातली ही घटना. मोहानंतर तेंदूचा हंगाम येतो. सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा (माल) गावच्या तीन बायका तेंदूपानं तोडायला गेल्या आणि एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. माणूस गेला की घरच्यांना राज्य सरकार आता पंचवीस लाख देतं. रक्कम वाढत वाढत इथवर आली, यात काही वाईट नाही. पण पानं तोडायचं काम दुसऱ्या वर्षीही त्याच रानात असतं.

भाचा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्यानं जे म्हटलं ते मला खोटं वाटलं नाही.

भाचा: आत्या, हे सगळं मला मान्य आहे. पण माझ्या सहलीनं त्यात भर पडते का घट होते, ते सांग. ती बाई पहाटे रानात जाते कारण वाळलेल्या मोहाचे चार पैसे येतात. केंद्रानं २०२० मध्ये सुक्या मोहफुलांची किमान किंमत किलोला १७ रुपयांवरून ३० केली. तीस रुपये! त्याच मोहाची बाटली डहाणूच्या कारखान्यातून निघते तेव्हा ती हजारांत विकली जाते. गंमत बघ, इंग्रजांनी १८९२ मध्ये कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलं गोळा करण्यावर निर्बंध आणले होते. सरकारी ठेक्याची दारू खपावी म्हणून. डहाणू तेव्हा ठाण्यातच. आज तिथलीच मोहाची दारू काचेच्या सुबक बाटलीतून श्रीमंतांच्या घरी जाते. मध्य प्रदेशानं तर २०२२ मध्ये मोहाला वारसा मद्य ठरवलं. आलिराजपूरच्या बचत गटांनी ‘मोंड’ नावानं बाटली काढली. गोव्याच्या फेणीला २००९ मध्येच मानांकन मिळालं. आणि आपण? आपण मोह गुन्हेगारासारखा लपवून ठेवतो.

आत्या: फेणीवाल्या गावात कोन किती पेते ते तू गोव्याच्या बाईले इचारलं का?

भाचा: पुन्हा तेच. वाईन म्हणजे दारू नव्हे.

आत्या: असं म्हननारे मंत्री मी पाह्यले.

हा टोला २०२२ चा होता. त्या जानेवारीत मंत्रिमंडळानं हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं, शेतकऱ्यांच्या फायद्यासाठी म्हणून. एवढा गदारोळ झाला, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, की निर्णय अंमलात आलाच नाही. मला त्या वादात एक गोष्ट नेहमी मजेची वाटली. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि कायद्यानं पाहिलं तर पिणाऱ्याला परवाना लागतो. नाशिकच्या वाईनरीत चार घोट घेणाऱ्यालाही तो लागतो, भले त्याला ते माहीत नसो. म्हणजे सगळे पिणारे कागदावर अपवाद आहेत. नियम अजून गांधींचाच आहे.

आत्या: मी पायी गेली होती, तुले ठाऊक हाय. डिसेंबर होता, दोन हजार दहा. चिमूरहून नागपूर, अधिवेशनावर, चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी पाहिजे म्हनून. आमच्या चळवळीच्या पारोमिताताई समोर. कोनाच्या पायात चप्पल, कोनाच्या नाई. पायाले फोड आले. सगळ्या बायका. एकीचाही नवरा संगं नोता, कारन त्याचीच तर गोष्ट सांगाले चाललो होतो. पाच वर्षं लागली. एप्रिल पंधराले बंदी आली. आन एकवीसात उठवली.

भाचा: आणि मधल्या सहा वर्षांत काय झालं तेही सांग. २०१८ च्या नोव्हेंबरात इथं नागभीडजवळ दारू नेणाऱ्या गाडीनं पोलीस उपनिरीक्षकाला चिरडलं. बंदी होती म्हणूनच ना? दारू बंद झाली नाही, तिचा भाव वाढला आणि वाहणाऱ्यांची टोळी झाली. रमानाथ झांच्या समितीच्या अहवालानंतर सरकारनं २७ मे २०२१ ला बंदी उठवली, आणि ठराव नेणारे पालकमंत्री तुमच्याच मतदारसंघाचे आमदार. तुम्हीच निवडून दिलेले.

आत्या: तो पोलीसवाला बंदीनं मेला म्हनतोस? बंदी मोडनाऱ्यानं मारला त्याले. सिग्नल तोडून कोनी मानूस उडवला तर तू सिग्नल काढशील का गा?

भाचा: सगळे रोजच सिग्नल तोडत असतील, तर सिग्नलचा विचार करावा लागेल.

या जागी दोघेही मला बरोबर वाटले, आणि तसं वाटणं सोयीचं नाही याची मला जाणीव आहे. बंदीच्या काळात आमच्या पेपरात जवळजवळ रोज एक बातमी ठरलेली असायची: अमुक जंगलात नाल्याच्या काठी छापा, इतके किलो मोहाचा सडवा नष्ट, आरोपी पसार. सोबत फोटो: खड्ड्यात पुरलेले प्लास्टिकचे ड्रम, ओतलेला तांबूस रेंदा, भोवती पोलीस. बंदी उठल्यावरही बातमी बंद झाली नाही, कारण हातभट्टी तेव्हाही बेकायदा आणि आजही. आता हा सडवा म्हणजे काय? मोहफुलं पाण्यात भिजवून काही दिवस आंबत ठेवलेलं द्रावण. भट्टीवर चढवून त्याची वाफ नळीतून थंड केली की दारू. पहिल्या धारेची कडक, नंतरची पातळ. आणि भट्टीवर न चढवता, स्वच्छ टाकीत, मोजलेल्या उष्णतेत, चांगल्या यीस्टनं आंबवून गाळलं की ती मोहाची वाईन. म्हणजे पोलीस ज्याला लाथ मारून सांडतात आणि भाच्याचा पाहुणा ज्याला नाकाशी नेऊन हुंगणार आहे, त्यांची पहिली पायरी एकच. मी हे बोलून दाखवलं. भाचा खूश झाला.

भाचा: बघ! काका पण तेच म्हणतात. फरक फक्त टाकीचा आणि परवान्याचा आहे.

आत्या: काकाले काय, ते धानाच्या वाणासारखं पायतात. फरक टाकीचा नाई, वेळेचा हाय. तुझा पाहुना चार पेले पिऊन गाडीत बसते आन घरी जाते. दुसऱ्या दिवशी त्याले हापिस हाय. आमच्याकडे मानूस सकाळी पेते, कारन सकाळी काम नाई. धान कापून झाला की चार महिने काम नाई. ते चार महिने कोन पाहाले येते?

भाचा: तेच चार महिने पर्यटनाचे आहेत, आत्या! थंडी आणि उन्हाळा. उन्हाळ्यात वाघ पाण्यावर येतो, सगळ्यात जास्त गर्दी तेव्हाच. पावसाळ्यात गाभ्याचं जंगल बंद, तेव्हा तुम्ही रोवणीत. माझ्या बेतासारखं तुमच्या वर्षात बसणारं दुसरं काही मला दाखव.

आत्यांना याचं उत्तर लगेच सापडलं नाही. त्या उठून पोत्यावरची फुलं हातानं खालीवर करून आल्या. ताजी फुलं एका बाजूला, उन्हात आक्रसून तांबूस झालेली दुसऱ्या बाजूला; ती बोटांना चिकटत होती, त्यांनी पदराला हात पुसले. हा मोह त्यांच्या बांधीच्या धुऱ्यावरचा, रानातला नाही. विकतात त्या थोडा. बाकीचा भाजून तिळात कुटून लाडू करतात, काही गाईला. टोळी, म्हणजे मोहाची बी, पडली की तिचं तेल. दारू सोडून मोहाचं काय काय होतं याची यादी आमच्याकडे लांब आहे. पण सहलीच्या कागदावर लाडू नव्हते, हे खरं.

आत्या: तुमी ताडोबा ताडोबा करता. तो कोन होता ठाऊक हाय?

भाचा: देव ना? तळ्याकाठी मंदिर आहे त्याचं.

आत्या: तारू. गोंडाचा गावपाटील. वाघाशी झुंजता झुंजता मेला म्हनून देव झाला. तळ्यापाशी त्याले मांडला. आता तेच गाव नाई रायलं तेथी. बोटेझरी उठली, नवेगाव उठलं, जामनी उठलं. वाघासाठी मानसं हालली. मी नाई म्हनत चूक झालं. जागा भेटली, पैसा भेटला, काही लोक खूश हाय. पन वाघाच्या हातानं मेलेल्या मानसाच्या नावाच्या जंगलात तुमी लोकाइले घेऊन जाता, आन त्याच्या नातवंडाले खाली उतराची मनाई.

भाचा: हे मी पाहुण्यांना सांगू शकतो. असल्या गोष्टी लोकांना आवडतात.

आत्या: आवडाले नाई सांगितलं मी.

त्यानं हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि नकाशा काढला. दुसऱ्या दिवसाची सहलही त्याच्या डोक्यात होती: वैनगंगा ओलांडून गडचिरोली, मार्कंड्याचं देऊळ, आणि ज्यांना वेळ असेल त्यांना थेट हेमलकसा. तिथं प्रकाश आमट्यांनी सत्तरच्या दशकापासून सांभाळलेलं प्राण्यांचं अनाथालय आहे. शिकारीत मेलेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू पाहून आमट्यांनी माडिया लोकांकडून ते मागून घेतलं, तिथून सुरुवात झाली. त्या प्राण्यांना पाहायला माणसं चार-पाच तास प्रवास करून जातात. पण भाचा एक विसरला होता. वैनगंगेच्या पलीकडे १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती उठलेली नाही. अभय आणि राणी बंगांच्या चळवळीतून आलेली ती बंदी आजही लागू आहे. त्याच्या पाहुण्याच्या पिशवीत आठवण म्हणून घेतलेली मोहाच्या वाईनची एक बाटली असली, तर पुलाच्या त्या टोकाला तो पर्यटक राहत नाही, आरोपी होतो. मी हे सांगितलं तेव्हा त्यानं नकाशावरच्या गडचिरोलीभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं. आत्या पहिल्यांदाच हसल्या.

आत्या: आता खरं सांग. हा कारखाना, वाईनचा, कोनाच्या नावानं राहीन?

भाचा: कंपनीच्या. भांडवल लागतं, आत्या. टाक्या, प्रयोगशाळा, उत्पादन शुल्काचा परवाना. बचत गटाला कोण देणार एवढं कर्ज? पण मोह आम्ही गावातूनच घेऊ, तीसच्या जागी चाळीस देऊ. लेखी.

आत्या: मोह कोनाचा?

भाचा: म्हणजे? वेचणाऱ्याचा.

आत्या: रानाचा मोह ग्रामसभेचा. कायदा हाय, दोन हजार सहाचा. तेथी तिकडे लेखा-मेंढ्याच्या लोकाइनं बांबू विकून दाखवला.

वनहक्क कायद्यानं मोह, तेंदू, बांबू ही गौण वनउपज आहे आणि तिच्यावर ग्रामसभेचा हक्क सांगता येतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळाले, आणि २०११ मध्ये त्या गावानं स्वतःच्या वाहतूक पासवर बांबू विकला. आमच्याच जिल्ह्यातल्या पाचगावनं हक्क मिळाल्यावर उलटं केलं: तेंदूपानं तोडायचीच नाहीत असा ठराव केला, कारण तेंदूसाठी झाडं छाटली जातात आणि आगी लागतात. हातातला पैसा सोडला आणि बांबूवर भर दिला. हे मी आत्यांच्या बाजूनं सांगितलं खरं, पण बोलता बोलता लक्षात आलं की ते भाच्याच्याही बाजूचं आहे. ग्रामसभा वाईन काढायचं ठरवू शकते तशी नाहीही ठरवू शकते.

भाचा: समजा ग्रामसभेनं वाईनरी काढायचं ठरवलं. मग तुझा विरोध संपला?

आत्या: कायले संपीन? मी ग्रामसभेत उभी राहून विरोध करीन. जमलं तर पाडीन. आडव्या बाटलीचं मतदान केलंच हाय आमी.

(उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. मतपत्रिकेवर ही चित्रं असतात, आणि गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान उठतं. वाईनरीला हा नियम जसाच्या तसा लागेल असं नाही, पण आत्यांचा मुद्दा नियमाचा नव्हता.)

भाचा: मग माझ्या दृष्टीनं फरक काय पडला? तू इथंही नाही म्हणणार, तिथंही नाही म्हणणार.

आत्या: इथं म्हटलं तर ओसरीवर राहील. तू नाशकाले जाशील, साहेबाले सांगशील, आत्या जुन्या वळनाची हाय. तेथी म्हटलं तर लिहून घ्यावं लागते. हरली तरी रजिस्टरात रायते.

भाचा: आणि जिप्सीचं काय? तेही ग्रामसभेला विचारू?

आत्या: जिप्सी आन. पन मोहाच्या महिन्यात पहाटेची पयली फेरी पाहुन्याची नाई. पयली फेरी वेचनाऱ्या बायकाइची. गाडी झाडापाशी उभी ठेवाची, हॉर्न मारत राहाचा, दोन मानसं काठ्या घेऊन. सात वाजता बायका परतल्या की मंग तुझे पाहुने जाऊ दे.

भाचा: सात वाजता वाघ दिसत नाही, आत्या. माझं गिऱ्हाईक साडेपाचच्या वाघासाठी पैसे मोजतं.

आत्या: आमाले फुकट दिसते, साडेपाचचा.

विळ्याखालचा कागद त्यानं काढून घेतला. ‘पहाटे तीन’ खोडून ‘पहाटे पाच’ केलं. मग ‘मोहाच्या वाईनचा कार्यक्रम’ या ओळीवर पेन्सिल बराच वेळ अडली. आत्या म्हणाल्या, तेथी लाडू लिही. तो म्हणाला, लाडवासाठी नागपूरचा माणूस दीडशे किलोमीटर येणार नाही. आत्या म्हणाल्या, मंग नागपूरचा मानूस कायले येते ते तरी सरळ लिही. शेवटी त्यानं लाडूही लिहिले आणि वाईनही ठेवली, आणि समासात टिपून घेतलं: ग्रामसभेच्या नावानं परवाना निघतो का, चंद्रपूरच्या उत्पादन शुल्क कार्यालयात विचारणे. सोमवारी तो तिकडे जाणार आहे. आत्या म्हणाल्या, मीही येतो, मले बी इचाराचं हाय.